पाठीवरचा सतरा

मंगळवार, अकरा फेब्रुवारीच्या सकाळी मी गाडीचे इंजिन तापत ठेवले, देवाच्या कोपऱ्यातली मेणबत्ती विझवली आणि माझे डोके ठिकाणावर आहे असे लिहून आणण्यासाठी एकशे दहा किलोमीटरवरच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. बाहेर उणे एकतीस होते. अशा थंडीत स्वतःचे डोके तपासून घ्यायला निघालेल्या माणसाचे डोके तपासायलाच हवे, हे मला वाटेत सुचले. त्यावरून ते अजून चालते आहे अशी माझी खात्री झाली.

डॉक्टरबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावले, घोडा, चमचा, लोकर, नदी, गुरुवार हे पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि वीस मिनिटांनी परत विचारले. मी पाचही सांगितले. "छान!" असे त्या म्हणाल्या. बारा वर्षे मी छातीवर, घोट्यावर आणि जबड्यावर हॉकीच्या रबरी चकत्या झेलल्या. कोणी छान म्हटले नाही. चमचा म्हटल्याबद्दल म्हटले.

दाखला लिहिताना त्या म्हणाल्या, "आज देतेय, यारेम्को. पुढच्या वर्षी देईन असं म्हणत नाही. आठ वेळा डोकं आपटलेल्या माणसानं कामं लांबणीवर टाकू नयेत."

म्हणून हे लिहितो आहे.

मी, ल्युबोमिर यारेम्को, कै. पेत्रो व कै. अन्ना यारेम्को यांचा मुलगा, वय वर्षे एकोणपन्नास, पूर्वी बर्फावरच्या हॉकीत पगारी बचावपटू, हल्ली शेतकरी, चर्चमध्ये स्तोत्रांना सुरुवात करून देणारा आणि हिवाळ्यात गावच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, पाणी घालणारा, राहणार सोकिल्ना, प्रांत सस्कॅचेवान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. एकशे दहा किलोचा माणूस पाठीवर घेऊन रिंकच्या कडेच्या फळ्यांना चिकटून उभे राहण्यावर मी पोट भरले आहे. आज पाठीवर कोणी नाही.

यापूर्वी बाविसाव्या वर्षी संघाच्या सल्लागाराने माझ्याकडून एक मृत्युपत्र करून घेतले होते. त्यात एक गाडी आणि एक कुत्रा होता. दोघेही गेले. ते मृत्युपत्र रद्द.

कलम एक, देहाबद्दल. मला आईवडिलांच्या शेजारी पुरावे. पेटीवर हॉकीची काठी ठेवू नये. मी सुतार असतो तर करवत ठेवली असती का? जेवणाच्या वेळी कोणी उठून 'आता तो स्वर्गाच्या गोलासमोर उभा आहे' असे बोलू लागला तर माझ्या बहिणीने त्याच्या ताटातली पिरोही, आमची उकडलेली करंजी, काढून घ्यावी. ज्या स्वर्गाला बचावपटू लागतो तो स्वर्ग मला नको. स्तोत्रे सगळी म्हणावीत, गाळू नयेत. फादर मेथोडी भूक लागली की तिसरे कडवे गाळतात. देव काही बोलत नाही, पण मी पेटीतून ऐकत असेन.

कलम दोन, डोक्याबद्दल. विद्यापीठाच्या लोकांना माझा मेंदू हवा आहे. जुन्या खेळाडूंचे मेंदू ते कापून पाहतात. द्यावा. माझ्या सहा प्रशिक्षकांना त्यात काही सापडले नव्हते. यांना सापडले तर त्यांनी त्या सहा जणांना कळवावे. बाकीचे शरीर मात्र कलम एकप्रमाणे परत मिळावे.

कलम तीन. सोकिल्नातले राहते घर, त्यातली भांडी, देवाचा कोपरा आणि तळघरातले बटाटे माझी बहीण स्तेफा हिला. तिलाच, म्हणजे तिच्या नवऱ्याला नव्हे. ग्लेन या गृहस्थाने घराच्या दारावर 'इथे झॅप राहत असे' अशी पाटी लावल्याचे दिसताच घर चर्चकडे जावे.

झॅप हे माझे नाव. यारेम्को म्हणताना ज्यांच्या जिभेला गाठ पडायची त्यांनी ठेवलेले. त्या नावाचा काय अर्थ, असे मी एकदा विचारले तेव्हा कप्तान म्हणाला, "अर्थ कशाला हवा? हाक मारल्यावर तू वळतोस ना, मग झालं."

कलम चार, सदर ग्लेन यांच्याबद्दल. भाऊजी ट्रॅक्टर विकतात आणि त्यांच्या दुकानावर चौदा वर्षांपासून माझे चित्र आहे: दात काढलेला झॅप, हातात काठी, खाली 'टिकाऊ'. चित्रात चार दात रंगवलेले आहेत. खरे चार पोर्ट मर्सरच्या रिंकच्या बर्फात गेले. ते कोणाला सापडल्यास त्याचे. माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत ग्लेन यांनी ते चित्र उतरवावे. माझी जुनी पिकअप त्यांना द्यावी. ती उलटी नेताना डावीकडे ओढते. ग्लेन सगळे उलटेच नेतात, जमेल त्यांना.

बँकेत जे असेल त्यातून पुरण्याचा खर्च भागवून उरलेले गावच्या सभागृहाच्या छपराला. हे पाचवे कलम. याहून जास्त शाई त्यावर नको.

कलम सहा. प्रशिक्षक रँडल ट्वीड, हयात असल्यास, यांना माझ्या डाव्या घोट्याचे तीन एक्स-रे. या माणसाने मोडलेल्या पायावर मला अकरा सामने खेळवले. मी लंगडत विश्रांतीच्या खोलीत आलो की हा विचारायचा, "काय म्हणतोय माझा घोटा?" माझा नव्हे, त्याचा. तर त्याचा घोटा त्याला परत करत आहे.

कलम सात. वार्ताहर ब्लेन ओस्ट्रँडर यांना कात्रणांची वही. ही वही माझ्या आईने चिकटवली. तिला वाचता येत नसे. माझे चित्र दिसले की कापायची, म्हणून काही कात्रणांत पाठीमागच्या वॉशिंग पावडरच्या जाहिरातीच नीट आल्या आहेत. त्या लेखांपेक्षा खऱ्या आहेत. ओस्ट्रँडर यांनी मला एकूण एकतीस वेळा 'प्रामाणिक बचावपटू' म्हटले आहे. ज्याला गोल करता येत नाही, ज्याची चाल संथ आहे आणि ज्याच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, त्याला प्रामाणिक म्हणतात. मोठ्या लीगमध्ये मी एकशे त्रेसष्ट सामने खेळलो आणि चार गोल केले, त्यातला एक दुसऱ्याच्या पायाला लागून गेला. पाचशेहून जास्त सामने खालच्या लीगमध्ये, बसच्या मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन. यातले काहीच मला टोचत नाही. तो एक शब्द टोचतो. त्याचे कारण बाराव्या कलमात.

कलम आठ. गावच्या रिंक समितीला माझा पाच नंबरचा शर्ट छताला टांगायचा आहे. अध्यक्ष म्हणाले, "पोरांना स्फूर्ती मिळेल." मी म्हणालो, "पोरांना गरम पाणी मिळू द्या आधी, बाथरूममध्ये." ते हसले. मोठ्या माणसाने केलेली मागणी विनोद म्हणून घ्यायची त्यांची पद्धत आहे. शर्ट समितीला देऊ नये. तो गावातल्या परांका आजींना द्यावा. त्यांच्या मटारावर कावळे फार येतात, आणि माझ्याकडे बघून समोरच्याने वाट बदलावी एवढेच काम मला जन्मभर नीट जमले.

कलम नऊ, अवजारे. इथे जरा सावकाश लिहितो.

रिंकवर पाणी घालायची माझी घसरगाडी, तिच्यावरचे पिंप, मागे ओढायचे जाड कापड आणि स्केटला धार लावायचे यंत्र, हे सर्व सभागृहातल्या बायांच्या मंडळाला. समितीला नव्हे, समितीतला एक जण नळ उघडा ठेवून जेवायला गेला होता. बायांना पीठ कळते, म्हणून बर्फही कळेल. पाणी गरम घालावे, थंड घातल्यास पापुद्रे सुटतात. एका वेळी बोटाच्या नखाएवढा थर. तो गोठल्याचा आवाज येतो, कुणीतरी लांब कागद फाडल्यासारखा. तो येईपर्यंत दुसरा घालू नये. घाई झाल्यास एखादे स्तोत्र म्हणावे. मी एकशे तिसरे म्हणतो. ते पुरे होईतो बर्फ होतो. माझ्या हातून जगात एखादी गोष्ट नितळ झाली असेल तर ती हीच, आणि एप्रिलमध्ये तिचीही डबकी होतात.

कलम दहा. आजोबांनी जहाजातून आणलेले स्तोत्रांचे पुस्तक चर्चला. पान सत्त्याण्णववरचा डाग माझ्या रक्ताचा आहे, नाकातून आलेल्या. तो पवित्र नाही.

कलम अकरा. गावाच्या उत्तरेचा, तळ्यालगतचा एकशे साठ एकरांचा तुकडा माझी भाची डारका हिला. आमच्या घराण्यात पेरणीचे यंत्र सरळ रेषेत चालवणारी ती एकटीच. या कलमात आधी दुसऱ्याचे नाव होते. ते का बदलले हेही बाराव्यातच.

कलम बारा. पहिल्या मसुद्यात हे कलम दोन ओळींचे होते: 'उत्तरेची जमीन ओरेस्त दिदुर यास द्यावी. सोबतचे बंद पाकीट माझ्या मृत्यूनंतर त्याच्या हाती द्यावे व त्यातील मजकूर चर्चमध्ये वाचावा.' मसुदा वाचून वकीलबाईंनी विचारले, "पाकिटात काय आहे?"

"एक वाक्य."

"मग आत्ताच सांगून टाका ना त्यांना. मेल्यावर सांगण्यात तुमचा काय फायदा?"

"ऐकायला मी नसेन, हाच फायदा."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "बारा वर्षं बचावात खेळलात म्हणे," एवढेच त्या म्हणाल्या. मी फी देऊन बाहेर पडलो.

ओरेस्त आणि मी एका बाकावर शिकलो. सोकिल्नाची शाळा एका खोलीची होती, आता तीही नाही. बर्फावर आम्हाला त्याच्या वडिलांनी उभे केले, त्याच उत्तरेच्या तळ्यावर. म्हातारे दिदुर गोल कसा करायचा ते शिकवत नसत, त्यांना येत नव्हते. ते एकच शिकवत: "समोरच्याच्या पाठीवरचा आकडा दिसला की काठी खाली आणि पाय बंद. ज्याची पाठ दिसते त्याला तू दिसत नाहीस. अशाला मारतो तो खेळाडू नव्हे, खाटीक." ते आमच्या आयांकडून शर्टांच्या पाठीवर मोठाले आकडे शिवून घ्यायचे. माझा पाच, ओरेस्तचा सतरा. मोठेपणी दोघांनीही तेच आकडे ठेवले, आणि ओरेस्तचा सतरा तेव्हाही त्याची आईच शिवून द्यायची.

दोन हजार एकच्या एप्रिलमध्ये मी पोर्ट मर्सरकडून खेळत होतो आणि ओरेस्त समोरच्या संघाकडून. मालिकेचा शेवटचा सामना होता. मोठ्या लीगची माणसे वर बसून बघत होती, त्यांच्या संघात एक जागा रिकामी होती. तिसऱ्या भागात चकती कोपऱ्यात गेली. ओरेस्त तिच्या मागे, मी ओरेस्तच्या मागे. फळ्यांपासून दोन हातांवर तो वाकला. मला सतरा दिसला. नीट, पूर्ण, त्यातल्या एकाच्या आकड्याचा खालचा टाका उसवलेला होता तोही दिसला. काठी खाली करायला आणि पाय बंद करायला वेळ होता. मी पाय बंद केले नाहीत.

त्याच्या मानेचे दोन मणके गेले. उजवा हात आजही खांद्यापासून दोरीसारखा लटकतो.

आमच्या खेळात मालिका संपली की दोन्ही संघ समोरासमोर ओळ लावून एकेकाशी हात मिळवतात. आत्तापर्यंत ज्याचा दात पाडला त्याला 'शाबास' म्हणतात. ओरेस्त तेव्हा रुग्णवाहिकेत होता. मी त्याच्या संघातल्या एकोणीस जणांशी हात मिळवला, चेहरा सरळ ठेवून. आठवड्याने चौकशी झाली. चित्रणात पंच मधे आला होता, काही दिसत नव्हते. संघाच्या वकिलाने दाराशी मला पढवले: एक शब्द, जास्त नाही. मार बसताना समोरच्याने स्वतःच पाठ वळवली असेल तर मारणाऱ्याचा दोष धरत नाहीत. आतल्या माणसाने विचारले, "शेवटच्या क्षणी तो वळला का?"

"वळला," मी म्हणालो.

पुढच्या हंगामात मोठ्या लीगमधली ती जागा मला मिळाली. एकशे त्रेसष्टपैकी एकशे चाळीस सामने त्या एका शब्दाचे आहेत.

तो शब्द माझ्याआधी गावात पोहोचला. ओरेस्त घरी आला तोवर सगळ्यांना माहीत होते की तो स्वतःच वळला. मग त्याची म्हण झाली. कोणी भांडे पाडले, कोणी गाडी मागे घेताना खांबावर घातली, की म्हणायचे, "ओरेस्तसारखा वळलास होय!" ओरेस्त समोर असतानाही म्हणायचे. वाईट मनाने नव्हे. आमच्या गावात कोणी काहीच वाईट मनाने करत नाही, हेच तर त्याचे वाईट आहे. ओरेस्तने चर्चला येणे बंद केले.

ईस्टरच्या मोठ्या उपवासाआधीच्या रविवारी आमच्याकडे चर्चमध्येही ओळ लागते. प्रत्येक जण प्रत्येकासमोर वाकून म्हणतो, माझं काही चुकलं असेल तर क्षमा कर. दुसरा म्हणतो, देव करो, मीही करतो. खेळ सोडून मी गावी परतलो त्या पहिल्या वर्षी म्हातारे दिदुर त्या ओळीत माझ्यासमोर आले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "पोरा, माझ्या मनात तुझ्याविषयी वाईट आलं होतं. माझंच पोर वळलं असेल. क्षमा कर मला." मी म्हणालो, "देव करो, मीही करतो." हे मी माझ्या तोंडाने म्हटले आहे. त्यांनी मरेपर्यंत सहा वर्षे दर वर्षी माफी मागितली आणि मी दर वर्षी दिली. वरच्या सर्व कलमांत ज्यांना मी हिणवले आहे, ते सगळे एकावर एक रचले तरी या माणसाच्या घोट्याला येणार नाहीत. या माणसाच्या म्हणजे माझ्या, खोटेपणात.

आता पाकिटाचे. गेल्या गुरुवारी सकाळी मी रिंकवर गरम पिंप घेऊन उभा होतो आणि पाणी घालून झाले आहे की अजून घालायचे आहे, हे मला आठवेना. बर्फ कोरडा होता की नुकता गोठलेला, तेही कळेना. पाच मिनिटे असेल. मग आठवले. पण त्या पाच मिनिटांत एक गोष्ट मला कळली. 'तो वळला' हे मी चोवीस वर्षे इतक्यांदा बोललो आहे की ते जाणार नाही. खरे मी एकदाही बोललेलो नाही. जाईल तर तेच आधी जाईल. मग मी मनापासून सांगत सुटेन की तो वळला, आणि ते खोटेही राहणार नाही. पाकिटातला कागद तेवढा राहील, आणि ग्लेन म्हणतील, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला होता.

काल, रविवार, दोन मार्च. प्रार्थना संपली, लोक ओळ लावू लागले, आणि मी कोट घातला.

फादर मेथोडी म्हणाले, "अरे, कुठे निघालास? सुरुवात कोण करून देणार?"

"करील कोणीतरी बेसूर, फादर. देवाला सवय आहे."

ओरेस्तचे घर चार किलोमीटरवर. तो गोठ्यामागच्या छपरीत धान्य चढवायच्या नळीचा पट्टा बदलत होता, डाव्या हाताने आणि दातांनी. मला बघून त्याने पट्टा तोंडातून काढला.

"काय रे, कोण मेलं?"

"अजून कोणी नाही."

"मग रविवारचा इकडे कसा? पिरोही संपली?"

मी टोपी काढली. वाटेत सगळे जुळवून ठेवले होते, ते गेले. "मला आकडा दिसला होता," एवढेच आले.

तो म्हणाला, "कुठला आकडा?"

"सतरा. एकाचा टाका उसवला होता."

"आईनं शिवून दिला नव्हता त्या वेळी, तिचा हात दुखत होता," तो म्हणाला. मग म्हणाला, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अरे गाढवा, पाच वर्षांचा असल्यापासून तुला मागून ऐकत आलोय मी. तू थांबणार असलास की तुझ्या स्केटची डावी धार बर्फावर खरवडते. त्या दिवशी खरवडली नाही. वळायला वेळ कुठे होता? पाठ आधीच तुझ्याकडे होती, वळलो असतो तर तोंडावर घेतली असती, आज हात असता मला."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"कोणाला? तू मोठा माणूस, ट्रॅक्टरच्या दुकानावर चित्र तुझं. मी वळलेला." त्याने पट्टा खुंटीला लावला. "बाबा गेले तेव्हा वाटलं, आता येशील. आला नाहीस. मग ऐकलं तुझं डोकं जायला लागलंय. म्हटलं, झालं, आता हा विसरणार, आणि मी एकटाच ठेवून बसणार हे."

मी जमिनीचे सांगितले, तळ्यालगतचा तुकडा, माझ्यामागे त्याला.

तो हसला. चोवीस वर्षांत मी त्याला हसताना पाहिले नव्हते; छान दिसत नाही. "म्हणजे तू मरायची वाट बघत बसू मी? आणि मग गावानं म्हणायचं, वळायचे पैसे मिळाले रे ओरेस्तला! ठेव तुझं तळं. मला काय सांगतोस, मला माहीतच होतं. त्यांना सांग."

"सांगतो."

"थांब, मीही येतो. मधेच काहीतरी गाळशील, फादरसारखा."

सभागृहात उपवासाआधीचे शेवटचे चिजाचे जेवण चालले होते. दार उघडून ओरेस्त शेणाच्या बुटांनी आत आला तसे काटे खाली ठेवले गेले. मी उभ्यानेच बोललो. दोन हजार एकच्या एप्रिलमध्ये ओरेस्त दिदुर वळला नव्हता. मला त्याची पाठ दिसत होती, आकडा दिसत होता, थांबायला वेळ होता, मी थांबलो नाही, आणि नंतर खोटे बोललो. म्हाताऱ्या दिदुरांनी माझी माफी मागितली, ती मी घेतली. एवढेच.

पहिले ग्लेन उठले. त्यांनी स्तेफाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे हळू म्हणाले, "मनावर घेऊ नका कोणी. डोक्याला मार आहे त्याच्या. डॉक्टरकडे जाऊन आलाय परवाच."

"हो, जाऊन आलोय, भाऊजी," मी म्हणालो आणि कोटाच्या खिशातला दाखला काढून त्यांच्या चिजाच्या ताटाशेजारी ठेवला. "वाचा. मोठ्यानं वाचा, टिकाऊ माणूस आहे मी."

ग्लेन यांनी वाचला नाही. डारकाने उचलून वाचला, तारखेसकट. मन शाबूत, स्मरण शाबूत, स्वतःच्या बोलण्याचा अर्थ समजतो.

परांका आजी एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही खोटंच बोलत होतो की काय रे, ओरेस्त?"

"होय आजी. आणि चवीनं."

"ये, बस इथं. कोणीतरी ताट आणा याला. उद्यापासून मिळायचं नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू उभाच राहा जरा."

मी उभा राहिलो.

ताट संपल्यावर ओरेस्त माझ्याकडे आला. मी हात पुढे केला. त्याने हाताकडे पाहिले आणि विचारले, "तुझ्या त्या कागदाला साक्षीदार किती लागतात?"

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या प्रांतात साक्षीदार नसले तरी चालते. पण माझी अक्कल शाबूत होती की नाही यावर उद्या ग्लेन वाद घालतील, म्हणून मी दोन घ्यायचे ठरवले होते. ते सांगितले. शिवाय हेही सांगितले की साक्षीदाराला त्याच कागदातून काही मिळत नाही; सही केली की वाटा गेला.

"उत्तम," ओरेस्त म्हणाला. "तुझं काही घेणार नाही, पण तू शुद्धीत होतास हे माझ्याइतकं कोण सांगणार? तेव्हाही होतास."

म्हणून अकराव्या कलमातले नाव बदलले. पाकीट मी आज सकाळी चुलीत घातले. बाराव्या कलमातील मूळ आज्ञा रद्द समजावी, कारण ती माझ्यामागे कोणी पाळण्याची गरज उरलेली नाही. माझ्या हयातीत, माझ्याच तोंडाने ती पाळली गेली आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील श्रीमती हॅरिएट लोझिन्स्की यांनी करावी. शेवटच्या पानापर्यंत मी हे वाचून पाहिले, त्यातले एकही वाक्य मला कोणी पढवलेले नाही.

लिहून देणार: ल्युबोमिर यारेम्को (सही)

साक्षीदार: १. ओरेस्त दिदुर (सही). २. फादर मेथोडी, सोकिल्ना चर्च (सही).

साक्षीदार क्रमांक एक यांची सही वाकडी आहे, कारण ती डाव्या हाताची आहे. उजवा हात का चालत नाही याचे खरे कारण वर लिहिले आहे, आणि ते वाचूनच त्यांनी सही केली.

स्थळ: सभागृह, सोकिल्ना. दिनांक: सोमवार, तीन मार्च दोन हजार पंचवीस, उपवासाचा पहिला दिवस.